मागे सरकायला जागा नाही : वाइड अँगल लेन्स आणि मोठ्या कॅमेऱ्याची कुळकथा

दुबईच्या अल फाहिदी वस्तीत (आपण जुनी मंडळी तिला अजून बस्ताकियाच म्हणतो) कुठल्याही गल्लीत कॅमेरा घेऊन उभे राहावे. समोर नक्षीचा लाकडी दरवाजा, वर जिप्समची जाळी, त्याच्याही वर वारा पकडणारा मनोरा. हे सारे एका चौकटीत बसवायचे तर चार पावले मागे जायला हवे आणि मागे तर शेजाऱ्याची भिंत! कॅमेरा वर कलवला की मनोरा दिसतो, पण मग सगळे घर पाठीवर पडल्यासारखे दिसते. आपल्या अल्बममधले बस्ताकियाचे बहुतेक फोटो असे पाठीवर पडलेल्या घरांचेच आहेत.

काळे फडके डोक्यावर घेऊन, तिपाईवर मोठी पेटी लावून उभा असलेला मी या गल्ल्यांमधून गेली काही वर्षे अनेकांना दिसलो आहे. ‘‘काका, हा कुठला जमाना?’’ हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न मात्र हल्ली गंभीरपणे विचारला जातो. वाइड लेन्ससाठी मोठ्या फिल्मचा कॅमेरा घ्यायचा झाला तर कुठला घ्यावा? उत्तर दोन ओळींत देता येते. पण त्या दोन ओळींमागे दीडशे वर्षांची खटपट आहे. तिच्यात जर्मन आहेत, रशियन आहेत, आपल्या मुंबई-पुण्याची माणसे आहेत आणि शारजाचे शासकही आहेत. म्हणून हा लांबलचक लेख. घाई असलेल्यांनी शेवटाकडे जावे.

आधी थोडी बाराखडी. मोठ्या फिल्मचा कॅमेरा म्हणजे ज्यात चार बाय पाच इंचांची किंवा त्याहून मोठी सुटी फिल्म एकेक करून घालतात तो. पुढे लेन्सची पाटी, मागे दुधी काच आणि मधे लोहाराच्या भात्यासारखी घडीची नळी, म्हणजे बेलोज. दुधी काचेवर चित्र उलटे दिसते. खरी गंमत अशी की पुढची पाटी मागच्या काचेला समांतर ठेवून नुसती वर सरकवता येते. कॅमेरा सरळच राहतो, लेन्स तेवढी वर जाते आणि घर उभेच्या उभे राहून मनोरा चौकटीत येतो. यासाठी लेन्सने फिल्मपेक्षा बरेच मोठे वर्तुळ उजळले पाहिजे, नाहीतर पाटी वर नेली की कोपरे काळे होतात. लेन्सचे नाभीय अंतर कमी तेवढी ती वाइड, आणि वाइड लेन्सला मोठे वर्तुळ देणे हे तर सर्वांत कठीण काम.

हे कठीण काम कुणाला का करावेसे वाटले? त्याचे एक उत्तर आल्ब्रेख्ट मायडेनबाउअर या प्रशियन बांधकाम अधिकाऱ्याकडे आहे. १८५८ साली वेट्झलारच्या कॅथेड्रलची मोजमापे घेताना तो वरून पडता पडता वाचला. इमारतीवर चढून फूटपट्टी लावण्यापेक्षा तिचा फोटो काढून फोटोवरच मोजणी करता येणार नाही का, असा विचार त्याच्या मनात आला. येईल, पण दोन अटींवर. कॅमेरा अगदी सरळ उभा हवा आणि लेन्स इतकी वाइड हवी की अरुंद चौकातूनही सगळी भिंत मावेल. एमिल बुश यांच्या कारखान्याने १८६५ च्या सुमारास पँटोस्कोप नावाची वाइड लेन्स काढली होती. ती बसवून मायडेनबाउअरने मोजणीचा कॅमेरा बनवला. पुढे १८८५ साली प्रशियाने या कामासाठी बर्लिनला स्वतंत्र संस्थाच काढली. तिच्या हजारो काचा जमा झाल्या आणि दुसऱ्या महायुद्धात बाँबने उद्ध्वस्त झालेल्या इमारती पुन्हा उभारताना त्या कामी आल्या. मोठा कॅमेरा आणि वाइड लेन्स या जोडीचा माझ्या मते सर्वांत सन्मानाचा उपयोग हाच. निसर्गदृश्ये वगैरे नंतर.

लेन्स बनवणाऱ्यांची खटपट मात्र पाहण्यासारखी आहे. थॉमस सटन या इंग्रजाने १८५९ मध्ये काचेच्या पोकळ गोलात चक्क पाणी भरून लेन्स केली. तिच्यासाठी फोटोची काचही वाकवावी लागे. अमेरिकेत हॅरिसन आणि श्निट्झर यांची ग्लोब लेन्स आली. ती दिसायला गोल गरगरीत, पण मधोमध भुतासारखा पांढरा डाग पाडी. १८९० मध्ये झाइसच्या पाउल रुडोल्फने प्रोटारची रचना केली आणि कोपरेही नीट दिसू लागले. १९०० साली गोएर्त्स कंपनीची हायपरगॉन आली, तिचा कोन सुमारे १३५ अंशांचा! पण अशा लेन्समध्ये मध्यभागी लख्ख उजेड आणि कडेला अंधार. म्हणून लेन्ससमोर एक छोटी चांदणी बसवलेली असे. रबरी फुग्याने हवा मारून ती भिंगरीसारखी फिरवायची, म्हणजे मधला उजेड अडतो. फोटो काढता काढता फुगा दाबणारा छायाचित्रकार डोळ्यांसमोर आणा!

हा कडेचा अंधार कुणाच्या हलगर्जीपणाचा दोष नव्हे, भूमितीच आहे. साध्या समतोल लेन्समध्ये मध्यापासून ४५ अंशांवरच्या बिंदूला मधल्याच्या एक चतुर्थांशच उजेड मिळतो. यावर चांगला तोडगा काढला तो रशियन मिखाइल रुसिनोव यांनी, १९४० च्या दशकात, आणि तोही विमानातून जमिनीचे नकाशे करण्याच्या निमित्ताने. दोन्ही टोकांना बाहेरून फुगीर आणि आतून खोल अशी मोठी भिंगे बसवली की तिरक्या किरणांना लेन्सचे भोक जरा मोठे दिसते आणि कोपरे कमी काळवंडतात. स्वित्झर्लंडच्या वाइल्ड कंपनीसाठी लुडविग बेर्टेले यांनी त्याच धर्तीवर विमानासाठी लेन्स केल्या आणि १९५० च्या दशकात श्नायडरच्या सुपर अँगुलॉनने ही विद्या जमिनीवर आणली. नंतर रोडेनस्टॉकची ग्रँडागॉन, निकॉनची एसडब्ल्यू आणि फुजीच्या लेन्स आल्या. आज जुन्या बाजारात जे मिळते ते बहुतेक या चार घराण्यांचे. निकॉनने २००६ मध्येच मोठ्या फिल्मच्या लेन्स बंद केल्या.

आपल्याकडे ही विद्या फार लवकर आली होती हे आवर्जून सांगायला हवे. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली १८५४ साली, म्हणजे लंडनच्या सोसायटीनंतर दोन वर्षांच्या आत. डॉ. भाऊ दाजी लाडांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या पिढीतले नामवंत हौशी छायाचित्रकार. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ मध्ये फोटोग्राफीचा वर्गही निघाला. त्या काळची पद्धत ओल्या काचेची. काचेवर रसायन ओतायचे, ते वाळायच्या आत फोटो काढून धुवायचाही. मुंबईच्या उन्हात हे कसे जमवत असतील ते तेच जाणोत. पुढे पुण्यात पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम विभागाचे हेन्री कझिन्स यांनी विजापूरपासून लेण्यांपर्यंत मोठमोठ्या काचांवर काम केले. याच खात्यात १९०३ च्या सुमारास छायाचित्रकार आणि ड्राफ्ट्समन म्हणून एक तरुण मराठी माणूस नोकरीला लागला. त्याचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. दादासाहेब फाळक्यांचे नाव आपण सिनेमासाठी घेतो, पण जुन्या वास्तूंची नोंद करण्याच्या कामाशीही ते जोडलेले आहे. कॅमेरा कुठला घ्यावा हा प्रश्न त्यांनाही पडलाच होता. त्यासाठी ते १९१२ मध्ये लंडनला गेले, ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांचा सल्ला घेतला आणि विल्यमसनचा कॅमेरा घेऊन परतले. तो चलच्चित्राचा होता, इथे त्याचे काम नाही. पण घरचे दागिने आणि विमा पणाला लावून कॅमेरा निवडणारा माणूस आठवला की आपली निवड फारच आरामाची वाटते.

आता आखाताकडे वळू. १९०४ मध्ये हेर्मान बुर्खार्ट हा जर्मन प्रवासी बसऱ्याहून मस्कतला जाताना अबूधाबीत थांबला. त्याने शेख झायेद बिन खलिफा यांचे, म्हणजे पहिल्या झायेद यांचे, फोटो काढले. अबूधाबीच्या सर्वांत जुन्या छायाचित्रांत त्यांची गणना होते. बर्लिनच्या संग्रहालयात ती आहेत म्हणूनच आज इथल्या लोकांना आपल्या पणजोबांचे चेहरे दिसतात. त्यानंतर चाळीसेक वर्षांनी विल्फ्रेड थेसिजर वाळवंटातून आला तो लायका घेऊन, कातडी पिशवीत गुंडाळलेला छोटा कॅमेरा. माणसे त्याने अप्रतिम टिपली. उंटावर मोठी पेटी नेणे शक्यच नव्हते. मग १९६५ साली मुंबईहून बोटीने रमेश शुक्ल आले, रोलीकॉर्ड कॅमेरा घेऊन. २ डिसेंबर १९७१ रोजी ध्वजाखाली उभ्या राहिलेल्या शासकांचा जो फोटो दर राष्ट्रीय दिनाला आपण सगळीकडे पाहतो तो त्यांचाच. म्हणजे माणसांच्या बाबतीत या देशाचे नशीब चांगले. घरांच्या बाबतीत मात्र तेवढे नाही.

शारजाच्या किल्ल्याची, अल हिस्नची, गोष्ट घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेला हा किल्ला १९७० च्या सुरुवातीला पाडायला घेतला गेला. शेख सुलतान बिन मोहम्मद अल कासिमी तेव्हा कैरोत शिकत होते. बातमी कळताच ते धावत आले, पण तोपर्यंत एक बुरूज आणि थोड्या भिंती एवढेच उरले होते. त्यांनी काम थांबवले, पायाची मोजमापे घेतली, दारे-खिडक्या जपून ठेवल्या. १९७२ मध्ये ते शारजाचे शासक झाले आणि १९९६-९७ मध्ये त्या नोंदींवरून किल्ला पुन्हा उभा केला. आज बँकांच्या इमारतींमध्ये तो किल्ला पाहताना मला नेहमी मायडेनबाउअर आठवतो. सरळ उभ्या कॅमेऱ्याने चारी बाजूंनी काढलेल्या डझनभर मोठ्या निगेटिव्ह कुणाकडे असत्या तर ते काम किती सोपे झाले असते!

बस्ताकियाचेही तसेच. दक्षिण इराणमधल्या बस्तक, लिंगेह भागातले व्यापारी तिकडच्या वाढत्या करांना कंटाळून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी खाडीकाठी आले. त्यांनी प्रवाळाच्या दगडाची आणि जिप्समची ही घरे बांधली. १९८० च्या दशकात जवळजवळ अर्धी वस्ती नव्या बांधकामासाठी गेली. उरलेलीही जाणार होती. रेनर ऑटर या तिथेच राहणाऱ्या इंग्रज वास्तुशिल्पकाराने आवाज उठवला, १९८९ मध्ये त्या वेळचे प्रिन्स चार्ल्स येऊन फिरून गेले आणि वस्ती वाचली. नंतर नगरपालिकेने डागडुजी केली. गेलेल्या अर्ध्या वस्तीचे फोटो आहेत, नाहीत असे नाही. पण त्यातले बरेच आपल्या अल्बमसारखेच, पाठीवर पडलेले.

एवढ्या पार्श्वभूमीवर आता निवडीचा प्रश्न. लोक आधी कॅमेरा बघतात. मी म्हणतो आधी गल्ली मोजा. समजा भिंत तीन मीटरवर आहे आणि फिल्म चार बाय पाच, उभी धरलेली. ९० मिलिमीटरच्या लेन्समधून सरळ पाहिले तर भिंतीची चार मीटर उंची मावते. ६५ ची लेन्स घेतली तर साडेपाच मीटर. झाले, ६५ घ्या, असे कुणीही म्हणेल. पण थांबा. ९० च्या एफ/८ सुपर अँगुलॉनचे वर्तुळ २१६ मिलिमीटरचे आहे, त्यामुळे पाटी जवळजवळ साडेतीन सेंटिमीटर वर सरकते. ६५ च्या ग्रँडागॉनचे वर्तुळ १७० चे, तिची पाटी जेमतेम एक सेंटिमीटर सरकते. हिशेब केला तर दोन्ही लेन्स कॅमेऱ्याच्या वर सारख्याच उंचीपर्यंत, सुमारे सव्वातीन मीटरपर्यंत, पोचतात! ६५ ने जास्तीचे काय मिळते? रुंदी आणि रस्त्यावरची फरसबंदी. १९९० च्या दशकात आलेल्या ७२ च्या सुपर अँगुलॉन एक्सएलचे वर्तुळ २२६ चे, ती सव्वाचार मीटर वर पोचते. ४७ ची एक्सएलही तेवढीच पोचते, पण रुंदी सहा मीटरची घेते आणि कडेची माणसे डोशासारखी पसरवते. थोडक्यात, लेन्सवर लिहिलेल्या मिलिमीटरपेक्षा वर्तुळाचा आकडा महत्त्वाचा. तो विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आता कॅमेरा. तीन जाती आहेत. पहिली घडीची, लिनहॉफ टेक्निकासारखी, पेटी उघडली की समोर फळी पडते आणि त्यावर लेन्स पुढे सरकते. प्रवासाला उत्तम. पण वाइड लेन्स इतकी आत राहते की तीच फळी फोटोत डोकावते. मग ती खाली पाडायची, लेन्स पुन्हा वर घ्यायची, असा व्याप. शिवाय मुख्य बेलोज लांबपल्ल्याचा, तो आखडून दाबला गेला की पाटी वर सरकायला तयार होत नाही. म्हणजे ज्यासाठी हा सगळा अट्टहास, तेच नेमके अडते. दुसरी जात साध्या पेटीची, कॅम्बो वाइडसारखी. बेलोज नाही, अंतर ठरलेले, मजबूत. एकाच लेन्सवर काम करणाऱ्याला याहून चांगले काही नाही, पण लेन्स बदलली की सगळा संसार बदलतो. तिसरी जात एका दांडीवर पुढची-मागची चौकट सरकवणाऱ्या कॅमेऱ्यांची. स्वित्झर्लंडच्या कार्ल कोख यांनी १९४८ मध्ये सिनारची सुरुवात केली, तेव्हापासून यातला प्रत्येक भाग सुटा आणि बदलता येण्याजोगा झाला. घडीचा बेलोज काढून तिथे मऊ कापडी थैलीसारखा बेलोज लावायचा. दोन्ही चौकटी जवळजवळ चिकटल्या तरी थैली अडत नाही.

आणखी एक बाब आहे, तिच्याकडे फारसे कुणी लक्ष देत नाही. ६५ च्या लेन्सवर अनंतापासून तीन मीटरपर्यंत फोकस आणायला लेन्स किती हलते? दीड मिलिमीटरहूनही कमी. ९० ची हलते पावणेतीन. म्हणजे चौकट अर्धा मिलिमीटर तिरकी बसली तरी भिंतीची एक बाजू धूसर. लांब लेन्सवर खपून जाणारा खिळखिळेपणा वाइडवर खपत नाही. म्हणून हलका, देखणा लाकडी कॅमेरा पाहून भुलणाऱ्यांना माझे सांगणे असते की आधी दोन्ही चौकटी शून्यावर आणून पट्टीने चारी कोपरे मोजा. शून्यावर खटकन बसणारी खाच नसेल तर पुढे जाऊ नका.

या सगळ्याचा विचार करून मी सिनार एफ घेतला, जुना, थैलीच्या बेलोजसह. लेन्स दोन, ९० एफ/८ आणि ७५ एफ/५.६. ७५ चे वर्तुळ १९८ चे, तीन मीटरवरून ती साडेतीन मीटर वर पोचते. ७२ घेतली असती तर आणखी पाऊण मीटर मिळाला असता, पण तिचे भिंग आणि किंमत दोन्ही फुगीर आहेत. मनोऱ्याचे टोक यातल्या कशातच येत नाही. त्यासाठी समोरच्या घराच्या गच्चीची परवानगी काढावी लागते, त्याला भिंगाचा उपाय नाही. मधला उजेड अडवणारा गडद ठिपक्याचा फिल्टर मात्र घ्यावाच, म्हणजे हायपरगॉनच्या चांदणीची जागा घेणारा. तो दीडदोन पट्ट्या उजेड खातो, पण फिरवावा लागत नाही. बाकी इथले ऊन ठाऊकच आहे. नोव्हेंबर ते मार्च, सूर्य गल्लीत उतरायच्या आत. एप्रिलनंतर काळ्या फडक्याखाली डोके घालणे म्हणजे स्वतःला वाफवून घेणे. फिल्मचे होल्डर गाडीत ठेवायचे नाहीत, बर्फाच्या पेटीत ठेवायचे. आणि तिपाई उघडली की सुरक्षारक्षक येतो, म्हणून परवानगीचा कागद वरच्या खिशात.

खरे सांगायचे तर बहुतेकांनी या फंदात पडू नये. फोनच्या कॅमेऱ्यात घर सरळ करायची सोय आहे, ती घरच्या अल्बमला पुरते. मोजणीला मात्र पुरत नाही, कारण सरळ करताना तो चित्र ताणतो आणि ताणलेल्या जागी जे नव्हते ते भरतो.

मी या कामाला लागलो त्याचे मुख्य कारण बस्ताकिया नव्हे. बुर दुबईत ग्रँड मशिदीच्या मागे जी अरुंद गल्ली, जिला सगळे हिंदी लेन म्हणतात, तिथे आपल्यातली अनेक कुटुंबे दुबईत आल्यावर पहिल्या आठवड्यातच गेली असतील. बाहेरून शिखर नाही, कळस नाही. खाली हारफुलांची आणि नारळांची दुकाने, अंधारा जिना, वर देव. बाळाला पहिल्यांदा बाहेर नेले ते तिथे, नवी गाडी आधी तिथे, परीक्षेआधी तिथे. तिथले शिवमंदिर जबल अलीला हलणार असे कळले. ते ३ जानेवारी २०२४ पासून तिकडे गेलेही. जबल अलीचे नवे मंदिर प्रशस्त आहे, गाडी लावायला जागा आहे, म्हाताऱ्यांना जिना चढावा लागत नाही. तक्रार करण्यासारखे काही नाही. पण शारजाच्या किल्ल्याला जे पाडापाडीने झाले ते गल्लीला नुसत्या स्थलांतरानेही होऊ शकते. भिंती राहतात आणि त्या कशासाठी होत्या ते विसरले जाते.

डिसेंबर २०२३ मध्ये पाच शनिवार पहाटे मी त्या गल्लीत उभा राहिलो. आत कॅमेरा नेला नाही. गल्ली, जिन्याचे तोंड, दुकाने एवढेच. एफ/२२, फिल्टर आणि पहाटेचा उजेड, म्हणजे आठ सेकंदांचे एक्स्पोजर. आठ सेकंदांत चालणारी माणसे पुसली जातात. १८३८ मध्ये दागेरने पॅरिसच्या गजबजलेल्या रस्त्याचा फोटो काढला, तेव्हा बूट पॉलिश करून घेणारा एकटाच माणूस स्थिर असल्याने उमटला. बाकी सगळे पॅरिस गायब. पण माणसांशिवाय हिंदी लेन म्हणजे नुसती वायर आणि पाइपांची बोळ. म्हणून हार ओवणाऱ्या एका दुकानदाराला विनंती केली, ‘‘भाईसाहब, आठ सेकंद हलू नका.’’ तो म्हणाला, तीस वर्षे याच जागी बसलोय, आठ सेकंदांचे काय घेऊन बसलात! दुसऱ्या शनिवारी त्याने शेजारच्या दोघांनाही बसवले आणि स्वतःच मोठ्याने आकडे मोजले. एक काकू दर्शन घेऊन उतरत होत्या, त्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबल्या. त्यांच्या पदराचे टोक तेवढे वाऱ्याने हलले आहे.

एकूण चौदा निगेटिव्ह चांगल्या आल्या. इथल्या दमट हवेत बुरशी धरते म्हणून त्या आम्लरहित कागदाच्या पाकिटांत, सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवल्या आहेत. प्रत्येक पाकिटावर तारीख, लेन्स, भिंतीपासूनचे अंतर, जमिनीपासून लेन्सची उंची आणि पाटी किती वर सरकवली ते पेन्सिलीने लिहिले आहे. भिंतीला टेकवून एक मीटरची पट्टीही प्रत्येक चौकटीत उभी आहे. जिन्याच्या पाकिटावर लिहिले आहे : १६ डिसेंबर २०२३, ७५ मिमी, अंतर २.६ मीटर, उंची १.४ मीटर, उचल २४ मिमी, पायऱ्या दिसतात ११.